माडीवरचं टेबल

बारावीनंतर दोन वर्षं मी घरूनच प्रोग्रॅमिंग शिकले. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. मातीच्या जाड भिंती, लाकडी माडी, वर पत्रा. आता गल्लीतली पोरं येऊन विचारतात, "ताई, लॅपटॉप कोणता घेऊ?" मी आधी विचारते, "बसणार कुठं?"

पहिले चार महिने मी गादीवर बसून, पाटावर लॅपटॉप ठेवून शिकले. त्यात मान आणि उजवा खांदा धरला. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हाताला सोयीचं ठेवावं तर मान वाकते, मानेला सोयीचं ठेवावं तर हात अवघडतात. यावर उपाय म्हणून वेगळा साधा कीबोर्ड आणि माउस घ्या, आणि लॅपटॉप उचलून ठेवा. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटांवर ठेवला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि स्क्रीन हातभर लांब हवा. टाइप करताना खांदे सैल आणि कोपर काटकोनात राहायला हवेत. बाजारातलं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. माझी उंची कमी, त्यामुळे खुर्चीवर उशी घेतली आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली तोच पाट ठेवला. पाठीला आज्जीच्या वाकळेची घडी. महागडी खुर्ची मी आजतागायत घेतलेली नाही.

खर्च करायचाच असेल तर आधी विजेच्या बोर्डावर करा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. चार्जिंग लावलं की माझ्या लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला बोट लावताच झिणझिण्या यायच्या. मला वाटलं लॅपटॉपच खराब आहे. वायरमन मामांनी बोर्ड उघडला आणि वरच्या मोठ्या भोकाकडं बोट दाखवलं, "अगं, हितं वायरच न्हाई." तीन पिनांचं सॉकेट बसवलं होतं, पण अर्थिंग जोडलंच नव्हतं. चार्जरमधून किंचित करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. तो जमिनीत जायला वाट नसली की बोटाला जाणवतो. खालच्या मेन बोर्डापासून अर्थिंगची वायर ओढून घेतल्यावर झिणझिण्या थांबल्या. सॉकेटात बसत नाही म्हणून चार्जरची तिसरी पिन कुणी मोडत असेल तर त्याला थांबवा. आणि लॅपटॉप ज्या एक्स्टेंशन बोर्डावर लावता, त्यावर इस्त्री कधीच लावू नका.

पावसाळ्यात लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो आणि क्लास तिथंच तुटतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून घ्या. बहुतेकांचे १२ असतात, काहींचे ९. आमचा राउटर खाली टीव्हीजवळ, आणि जाड भिंतींतून माडीवर रेंज मिळेना. मग जिन्याच्या कडेनं लॅन केबल वर नेली, तेव्हापासून क्लास अडकला नाही.

जुलैत पत्र्यावर पाऊस असा वाजतो की माझं बोलणं सरांना ऐकूच जायचं नाही. तोंडाजवळ माइक येणारा हेडफोन घेतला तेव्हा प्रश्न विचारता यायला लागले. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, नाहीतर ओल वह्यांपर्यंत येते. पंचगंगेच्या काठाकडं राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर वेगळा सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर त्याचा सीपीयूचा डबा जमिनीवर ठेवू नका, आणि प्रोजेक्टची एक प्रत घराबाहेर, ऑनलाइन असू द्या.

लॅपटॉपचं म्हणाल तर शिकण्यापुरती ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) पुरे. जुना घेतला तरी चालतो, फक्त बॅटरी किती वेळ टिकते, बिजागरी सैल आहे का, आणि प्रत्येक बटण उमटतं का, हे दुकानातच बसून बघा.

टेबल मांडलं की लगेच भिंतीला खिळे ठोकू नका. एक दिवस सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री आठला तिथं बसून बघा. खिडकी पाठीमागं असली तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली तर डोळे दिपतात. ती बाजूला हवी. आमच्याकडं चारच्या उन्हाची तिरीप थेट कीबोर्डवर यायची, म्हणून टेबल हातभर उजवीकडं सरकवलं आणि मगच बोर्ड पक्का केला.