व्हेपर प्रेशरच्या कामात नवीन येताय? नागपूरहून थोडं अनुभवाचं
एमएस्सी केमिस्ट्री करून रेग्युलेटरी लॅबमध्ये (सरकारी मंजुरीसाठी केमिकल तपासतात तिथे) जायचंय असं नागपुरातली बरीच मुलं विचारतात, त्यांना मी आधी व्हेपर प्रेशरच, म्हणजे पदार्थाच्या वाफेचा दाबच, शिका म्हणतो. फवारलेलं औषध पानावर टिकेल की हवेत उडेल, ड्रम उघडणाऱ्या माणसाच्या श्वासात किती जाईल, हे सगळं या एका आकड्यापासून सुरू होतं.

हा दाब मोजायची ओईसीडीची (विकसित देशांच्या संघटनेची) गाइडलाइन १०४ नीट वाचून काढा. त्यात बऱ्याच मेथड आहेत आणि लॅबमध्ये जे मशीन रिकामं आहे त्यावर सॅम्पल लावायचा मोह होतो, तसं अजिबात नका करू, आधी मॉलिक्यूल बघून अंदाज काढा. अॅसिटोन २५ डिग्रीला ३० हजार पास्कलच्या वर, डांबर गोळी जेमतेम ११, आणि कितीतरी कीटकनाशकं एका पास्कलच्या खूप खाली. डायनॅमिक मेथड (ठरलेल्या दाबाला पदार्थ किती डिग्रीला उकळतो ते बघणं) साधारण १००० पास्कलच्या वर चालते, एकाच्या खाली गेलात की इफ्यूजन (बारीक छिद्रातून निसटणारी वाफ वजनावरून मोजणं) किंवा गॅस सॅच्युरेशन (पदार्थावरून गॅस सोडून त्यात किती वाफ आली ते मोजणं). आणि मेल्टिंग पॉइंट ३०० डिग्रीच्या वर असेल तर युरोपच्या रीच या केमिकलच्या कायद्यात ही टेस्ट लागतच नाही, हे सॅम्पल मागवायच्या आधी बघायचं.

सगळ्यात जास्त घोळ सॅम्पलमध्ये असतो. समजा खरं प्रेशर ०.०००१ पास्कल आहे आणि मोलच्या हिशोबानं ०.१ टक्का टोल्युइन हे सॉल्व्हंट उरलंय, टोल्युइनचं स्वतःचं ३८०० च्या आसपास, म्हणजे त्या उरलेल्याचंच जवळपास ४ पास्कल दिसणार, तुमचा पदार्थ त्यात कुठल्या कुठे बुडून जातो! म्हणून डीगॅसिंग (सॅम्पलमधली हवा आणि उरलेलं सॉल्व्हंट काढणं) घाईत उरकू नका, इफ्यूजनमध्ये सुरुवातीला वजन भराभर घटतं ते पाहून खूश होऊ नका, रेट स्थिर होईपर्यंत थांबा, आणि जे रीडिंग वगळलं ते का वगळलं हे जीएलपीच्या (लॅबच्या कामाच्या नियमांच्या) रॉ डेटात सहीसकट लिहा.

एक आपल्या गावची गोष्ट. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे आणि हवामानाच्या अॅपवरचं प्रेशर बहुतेक वेळा समुद्रसपाटीला दुरुस्त केलेलं असतं. गेज प्रेशरमध्ये (गेज फक्त हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतं) ते मिळवलं तर साडेतीन किलोपास्कलच्या आसपास चूक होते, त्यामुळे लॅबमधला कॅलिब्रेटेड बॅरोमीटरच वाचा.

रिपोर्टमध्ये २० किंवा २५ डिग्रीचा आकडा मागतात, पण मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये २५ डिग्री कुठून येणार? पाण्याचंच बघा, २५ ला ३.१७ किलोपास्कल आणि ४५ ला साडेनऊच्या वर, सरळ तिप्पट. तिथे काम करणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून गाइडलाइनला दोन तापमानं चालत असली तरी तीन-चार घ्या, प्रेशरचा लॉग आणि वन बाय टी (टी म्हणजे केल्विनमधलं तापमान) यांची रेषा काढा, समीकरण आणि मोजलेली रेंज दोन्ही रिपोर्टमध्ये द्या. फक्त मध्ये मेल्टिंग पॉइंट येत असेल तर तीच रेषा पुढे ओढू नका, घन आणि द्रवाचा उतार वेगळा असतो, दोन्हीकडे वेगळी रीडिंग घ्यावी लागतात.