आवडत्या ओळी नुसत्या वाचू नका, म्हणून बघा

आवडती कविता कुठली असं विचारलं की आपण लगेच दोन ओळी फेकतो, पण त्या शेवटच्या मोठ्याने कधी म्हटल्या होत्या? मला तर आठवतच नव्हतं. म्हणून आता मी काय करतो ते सांगतो, जमलं तर बघा.

चार ओळी घ्या, बस. सुरुवात बहिणाबाईंपासून करा, कारण जळगावजवळच्या असोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात-शेतात काम करता करता म्हणायच्या, घरच्यांनी ते उतरवून घेतलं आणि पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यावर. म्हणजे आवाज आधी, कागद नंतर. मग मनातल्या मनात वाचून कसं चालेल? आणि 'मियते भाकर' असेल तर 'मियते'च म्हणायचं. आपल्या खानदेशी पोरांना 'ळ'चा 'य' करायची लाज वाटते, शाळेत 'ळ' नीट म्हण म्हणून ओरडा खाल्लेला असतो ना (मीही खाल्लाय), पण 'मिळते' म्हटलं की ओळ पुण्याला शिकून आल्यासारखी वाटते.

मग एक शब्द धरायचा. 'मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर'. वढाय म्हणजे ओढाळ, एवढं गाईडमध्येही असतं, तिथे थांबू नका, घरात ज्याने गुरं राखलीत त्याला विचारा. मी आजोबांना विचारलं तर ते कवितेबद्दल काही बोललेच नाहीत, अर्धा तास त्यांच्या एका गायीबद्दल बोलले, कशी दुसऱ्याच्या ज्वारीत शिरायची, गळ्यात लोढणं बांधलं तरी ते फरफटत जायची आणि शिव्या मात्र यांना. आता ती ओळ म्हटली की मला आधी गाय दिसते, मन नंतर. बाईंनाही आधी ढोरच दिसलं असणार, असं आपलं मला वाटतं.

बालकवी धरणगावचे, पण त्यांची भाषा पुस्तकी, तिथे ही ट्रिक चालत नाही. 'औदुंबर' आठच ओळींची आहे, म्हणताना फक्त रंग बघा: निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, आणि ती जाते कुठे, तर काळ्या डोहाकडे. तिथे आवाज आपोआप खाली येतो, येऊ द्या. गॅदरिंगसारखे हात मात्र हलवू नका! पुढे 'गोड काळिमा' येतो, मी 'गोड'वर थांबतो, बायको म्हणते 'काळिमा'वर थांब, आणि दोघांची कविता वेगळीच होते. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात तो झरा ऐकून बघा भो, पावसाळ्यातला नसतोच तो.