खणाची पर्स शिवताना या चुका टाळा

खण हे मुळात चोळीचे कापड आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याच्या विणकामाचे जुने गाव. अंगावर नीट बसावे एवढीच चोळीच्या कापडाकडून अपेक्षा असते. पर्सला मात्र ओझे पेलावे लागते आणि चेनची रोजची ओढाताण सोसावी लागते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच खणाच्या बहुतेक पर्स बिघडतात, आणि त्यातील बरेचसे बिघाड मशीनवर बसण्यापूर्वी, कापतानाच ठरून गेलेले असतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक बुट्टीच्या, म्हणजे कापडावर विणलेल्या नक्षीच्या, दिशेची. तळाची शिवण वाचावी म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकाच अखंड तुकड्यात कापला जातो व मध्ये घडी घातली जाते. बुट्टी चौफेर सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण मोर किंवा रथ असेल तर तो पुढच्या बाजूला सरळ आणि मागच्या बाजूला डोक्यावर उभा दिसतो. एकदा कापलेल्या तुकड्यावर हे पर्सची उंची गमावल्याशिवाय सुधारता येत नाही. म्हणून अशा खणाचे दोन वेगळे तुकडे घ्यावेत, दोन्हींच्या तळाशी अर्धा-अर्धा इंच शिलाई-मार्जिन धरावे, आणि काठ तळाशी हवा असेल तर कागदी साचा कापडावर ठेवून बुट्टी कोणत्या बाजूने पडते हे आधी पाहावे. बुट्ट्यांच्या ओळी दोन्ही तुकड्यांवर एकाच उंचीवर याव्यात, यासाठी एक तुकडा कापून झाल्यावर तोच दुसऱ्यासाठी साचा म्हणून वापरणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

मार्जिन पाव इंच ठेवू नये. खणाच्या कडेला दशा लवकर निघतात आणि पर्स उलटताना ताण पडला की टीप कापडासकट सुटते. अर्धा इंच मार्जिन ठेवून कडा इंटरलॉक किंवा झिगझॅग करून घ्याव्यात.

फ्युझिंगबाबत, म्हणजे कापडाला ताठपणा येण्यासाठी इस्त्रीने आतून चिकटवायच्या डिंकाच्या थराबाबत, थोडे सविस्तर सांगायला हवे. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक खणांत कृत्रिम धागा असतो, आणि सुतीसाठी तापवलेली इस्त्री त्यावर थेट फिरवल्यास तो आक्रसतो किंवा कापडावर कायमची चकाकी उमटते. आधी कातरणीतून उरलेल्या तुकड्यावर उष्णता तपासावी. मग खण पालथा घालून त्यावर फ्युझिंगची डिंकाची बाजू टेकवावी, वर सुती फडके ठेवावे, आणि इस्त्री सरकवत न नेता एका जागी दहा-बारा सेकंद दाबून, उचलून पुढे ठेवावी. इस्त्री घासत नेल्याने फुगे येतात. फुगे आलेच असतील, तर फडके किंचित ओले करून त्या जागी पुन्हा दाब द्यावा. डिंक नीट वितळला की ते बहुधा बसतात. फ्युझिंग मार्जिनपर्यंत नेऊ नये, अन्यथा कोपऱ्यांत जाड गोळा होतो आणि सुईला तो ओलांडता येत नाही.

मधूनमधून टाका सुटत असेल, तर बॉबिन खोलण्याआधी सुई बदलून पाहावी. खण, फ्युझिंग आणि अस्तर एवढ्या थरांना 14 नंबरची सुई योग्य ठरते. फोम घातला असेल तर 16 नंबरची घ्यावी.

चेन लाटेसारखी वाकडी दिसते, त्याचे कारण बहुधा कापड हाताने ओढून शिवणे हे असते. टाचण्यांऐवजी आधी हाताने कच्चा टाका घालावा. अस्तर जोडताना चेन निम्मी उघडी ठेवायला मात्र विसरू नये. माझी एक पर्स चेन बंद राहिल्यामुळे सुलट करताच आली नाही आणि अस्तराची सारी शिवण उसवावी लागली, तेव्हा दशा निघून मार्जिनच उरले नाही.

अस्तर आत गोळा होत असेल, तर ते बाहेरच्या कापडापेक्षा मोठे राहिलेले असते. अस्तराच्या तळाची टीप एक अष्टमांश इंच आत घ्यावी. सुती अस्तर कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे, आणि खणाचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावे. गडद लाल व जांभळ्या खणांबाबत ही काळजी विशेष घ्यावी.

पट्टा केवळ खणाला शिवू नये. ज्या जागी तो बसतो, तेथे आतून जाड सुती कापडाचे ठिगळ लावावे, चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घालावी, आणि चुंबकी बटणाच्या मागेही असेच ठिगळ द्यावे, म्हणजे बटण उघडताना खण फाटत नाही.