ईएसपी३२ चा कोअर ३ वर नेला आणि पंखा थांबला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो साधा ३० पिनांचा ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर. पंख्याचा वेग पिन १८ वर पीडब्ल्यूएमने (पिन झपाट्याने चालू-बंद करून), २५ किलोहर्ट्झ, ८ बिट. अर्डुइनो आयडीईत बोर्डाचा कोअर (बोर्डासाठीचा सॉफ्टवेअर संच) २.०.१७ वरून ३ वर नेताच जुना स्केच, म्हणजे प्रोग्राम, कंपाइल होईना: ‘एलईडीसीसेटअप’ आणि ‘एलईडीसीअटॅचपिन’ ही दोन्ही फंक्शनं काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी एकच ओळ लागते, ‘एलईडीसीअटॅच’, कंसात १८, २५०००, ८.

खरी मेख पुढे आहे. ‘एलईडीसीराइट’चं नाव तेच राहिलं, पण पहिला आकडा आता चॅनेलचा (पीडब्ल्यूएमचा अंतर्गत क्रमांक) नाही, पिनचा. जुनं ‘०, १२८’ तसंच ठेवलं तर कंपाइलर चकार शब्द काढत नाही, पंखा मात्र ढिम्म. ‘१८, १२८’ केलं की निम्म्या ड्यूटीवर (पिन निम्मा वेळ चालू) फिरतो. ही चूक शोधायलाच सगळा वेळ जातो.

टायमरही बदललाय: ‘टायमरबिगिन’ला ०, ८०, ट्रू याऐवजी थेट १०००००० ही फ्रीक्वेन्सी द्यायची. ‘टायमरअलार्मराइट’ आणि ‘टायमरअलार्मएनेबल’ गेले, ‘टायमरअलार्म’ आलं.

घाई असेल तर बोर्ड्स मॅनेजरमधून २.०.१७ परत टाका. लायब्ररीही तेव्हाच्याच ठेवा.