जुन्या फियाटचं वजन कसं उतरवावं

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि रिकाम्या गाडीचं वजन सुमारे ८९५ किलो. चार माणसं आणि सामान घेऊन बोरघाट चढताना ती दुसऱ्या गिअरवर येते, तेव्हा मालकाला पहिल्यांदा इंजिनच आठवतं. कार्बोरेटर मोठा लावू, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू. मी सांगेन, इंजिन राहू द्या. गाडीचं ६० किलो वजन उतरवलं तर चढावर दोन-तीन अश्वशक्ती वाढल्याइतका फरक पडतो. शिवाय तोच फरक ब्रेक दाबताना, वळणावर आणि पेट्रोलच्या खर्चातही मिळतो. इंजिनावर मात्र कणभरही जास्त ताण येत नाही.

हलके सुटे भाग विकत घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. आजच्या बहुतेक फियाटमधलं अनावश्यक वजन कारखान्याने घातलेलं नसतं, ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गाडीवर चढलेलं असतं. आधी ते उतरवायचं आणि मग नव्या भागांकडे वळायचं. या सगळ्या कामात मी एकच नियम पाळतो: मूळ गाडीतलं जे काढाल, ते पुन्हा बसवता आलं पाहिजे. पद्मिनीचं उत्पादन कधीच थांबलं आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. कापून टाकलेला मूळ पत्रा आता कुठून आणणार?

आधी काटा

अंदाजाने काम सुरू करू नका. जवळच्या वे-ब्रिजवर गाडी न्या. पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा, कारण दहा लिटर पेट्रोलचंच साडेसात किलोच्या आसपास वजन होतं आणि पुढच्या वेळी टाकीत तेवढंच पेट्रोल असायला हवं. प्रथम सगळी गाडी तोला. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची जमिनीवर ठेवून पुढच्या एक्सलचं वजन घ्या. काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत असली पाहिजे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मागच्या एक्सलचं वजन. एक्सलचा हा आकडा फार महत्त्वाचा आहे, शेवटी ब्रेकच्या वेळी तो लागणार आहे.

ट्रक तोलायचा काटा पाच, दहा, कधी वीस किलोंच्या पटीत आकडा दाखवतो. सुट्या भागांसाठी तो निरुपयोगी आहे. त्यासाठी घरचा वजनकाटा किंवा भंगारवाल्याचा काटा वापरा. काढलेला प्रत्येक भाग तोला आणि वहीत लिहा: कोणता भाग, किती किलो, गाडीत कुठे होता. छतावरचे पाच किलो आणि फरशीवरचे पाच किलो यांचा गाडीवर होणारा परिणाम सारखा नसतो.

चढलेलं वजन उतरवा

सुरुवात डिकीपासून करा. गाडी कधी काळी टॅक्सी असेल किंवा मालकाने काटकसरीसाठी सीएनजी किट बसवलं असेल, तर डिकीत पोलादी टाकी सापडेल. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या आकाराची टाकी साधारण ५० ते ६५ किलोंची असते. शिवाय तिची चौकट, पट्टे, पाइप आणि रेग्युलेटर असतातच. गाडी फक्त हौसेने रविवारी चालवत असाल तर एवढा बोजा वाहून नेण्यात अर्थ नाही. मात्र टाकीचे नट स्वतः खोलू नका. तिच्यात सुमारे २०० बार दाबाचा गॅस असतो. अधिकृत सीएनजी केंद्रातूनच ती रिकामी करून काढून घ्या आणि आरसीवरची इंधनाची नोंद आरटीओत बदलून घ्या. या एका कामाने जेवढं वजन उतरतं, तेवढं पुढचे सगळे हलके भाग मिळूनही कदाचित उतरणार नाही.

मग छताकडे बघा. टॅक्सीचा लोखंडी कॅरियर अजून असेल तर काढा. सगळ्यात उंचावरचं वजन गेलं की वळणावरचं गाडीचं झुकणं कमी होतं आणि वाऱ्याचा अडथळाही जातो. कॅरियरचे पाय छताच्या पन्हळीत जिथे बसतात तिथे हमखास गंज असतो, तोही लगेच साफ होईल.

पुढे-मागे बसवलेले जाड लोखंडी गार्ड काढायलाच हवेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डविरुद्ध कारवाई करायला सांगितलं होतं. क्रोमचा मूळ बंपर मात्र जागेवर ठेवा, फियाटचा चेहरा त्यात आहे.

आत बसा आणि सीट चाचपून बघा. कव्हरवर कव्हर, त्याखाली नंतर घातलेला फोम, त्याखाली मूळ रेक्झिन. कार्पेटखाली गोणपाटाचा थर. पावसाळ्यात दाराच्या फटीतून शिरलेलं पाणी हा थर शोषून घेतो आणि दिवाळीपर्यंत धरून ठेवतो. तो वजनदार तर असतोच, पण खालची फरशीही कुजवतो. जुने अँप्लिफायर, स्पीकरच्या लाकडी पेट्या, बंद पडलेल्या अलार्मच्या वायरी, टो-हूक, डिकीतली निम्मी हत्यारं या सगळ्याची एकदा बेरीज करा. आकडा बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

स्टेपनी आणि जॅक काढू नका. या आकाराचं टायर वाटेत सहज मिळत नाही.

पुट्टी आणि डांबर

आता चुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि मडगार्ड, दारांचे खालचे कोपरे, डिकीच्या कडा यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत पत्रा कुजतो. घाईत असलेला डेंटर कुजलेला भाग न कापता त्यावरच दुसरा पत्रा वेल्ड करतो आणि वर पुट्टी ओढतो. काही वर्षांनी त्यावर तिसरा थर चढतो. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचत राहतं आणि दोन्ही कुजतात.

चांगला कारागीर शोधा आणि त्याला स्पष्ट सांगा: कुजलेला भाग पूर्ण कापायचा, मूळ जाडीचाच एक पत्रा कडेला कड जोडून मिग वेल्डिंग करायचं. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो आणि तो लपवायला पुन्हा पुट्टी लागते. हे काम महाग आणि वेळखाऊ आहे. तरीही या लेखातलं एकच काम करायचं असेल तर मी हेच निवडेन, कारण त्याने गाडी हलकी होते, मजबूत होते आणि तिचं आयुष्यही वाढतं.

फरशीवर आवाज दाबण्यासाठी लावलेले डांबरी थर असतात. ते काढायला सुका बर्फ उत्तम. गाडीची सगळी दारं उघडी ठेवा, जाड हातमोजे घाला, बर्फाचे तुकडे थरावर पसरा आणि दहा-पंधरा मिनिटांनी हलक्या हातोडीने ठोका. थर कडक होऊन तडकतो आणि पत्र्यापासून सुटतो. सुक्या बर्फातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये हे करू नका. पत्रा उघडा पडला की लगेच गंजविरोधी इपॉक्सी प्रायमर मारा. त्यानंतर आवाज रोखायला पूर्ण फरशी झाकायची गरज नसते. प्रत्येक पत्र्याच्या मधोमध, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी ब्यूटाइल रबराची पट्टी चिकटवली तरी कंपन पुरेसं थांबतं.

आता हलके भाग

एवढं झाल्यावर गाडी पुन्हा काट्यावर घ्या. अजून वजन उतरवायचं असेल तर पुढचे भाग याच क्रमाने बघा.

चाकांपासून सुरुवात करा. स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन, म्हणजे रिम, टायर आणि ड्रम, प्रत्येक खड्ड्यात वरखाली हलवावं लागतं. शिवाय चाक फिरतं, त्यामुळे ते वेगात आणायला आणि थांबवायलाही जोर लागतो. म्हणून चाकातला एक किलो सीटखालच्या एका किलोपेक्षा मोलाचा. पण प्रत्येक अलॉय रिम हलकी असते असं समजू नका. स्वस्तातल्या ओतीव रिम कधी कधी मूळ लोखंडी रिमपेक्षाही जड निघतात. दुकानात तुमची १४ इंची रिम आणि नवी रिम दोन्ही काट्यावर ठेवा, मगच पैसे द्या. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) आणि बोल्टच्या बैठकीचा उतार या चारही गोष्टी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. ‘स्पेसर (मधली जाड चकती) टाकून बसेल’ असं कोणी म्हणालं तर दुकान बदला. टायरही अरुंदच ठेवा. रुंद टायर जड असतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हात दुखवतो.

दुसरी बॅटरी. नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी दहा-बारा किलोंची, तर त्याच कामाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तीन-चार किलोंची असते. सात-आठ किलो एका तासात उतरतात. अट अशी की चार्जिंगचा व्होल्टेज स्थिर हवा. इंजिन मध्यम वेगात ठेवून मल्टिमीटर लावा. १४.६ च्या वर जात असेल किंवा आकडा नाचत असेल तर ही बॅटरी घेऊ नका. जुना डायनॅमो आणि त्याचा यांत्रिक रेग्युलेटर असलेल्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवा. तो डायनॅमोपेक्षा हलका असतो आणि कमी वेगातही चार्ज करतो. बॅटरीची जागा एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर आहे ना, हेही बघा.

फायबरचं बॉनेट आणि डिकीचं झाकण बनवून घेता येतं. हे दोन भाग नट-बोल्टने बसतात, म्हणून मूळचे जपून ठेवून कधीही परत लावता येतात. लॉक जिथे बसतं तिथे फायबरच्या आत लोखंडी पट्टी आणि बाहेरून बॉनेट पिन लावाच. धावत्या गाडीचं बॉनेट उघडलं तर थेट काचेवर येतं. ॲल्युमिनियमचा पर्यायही आहे. त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण तेवढ्याच मजबुतीसाठी पत्रा जाड घ्यावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात वजन निम्म्याच्या आसपास उतरतं.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर मी सुचवत नाही. तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर जुना कारागीर डाग देऊन दुरुस्त करतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये मात्र नळाचं पाणी टाकलं की तो आतून कुजतो. फ्लायव्हील (इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक) लेथवर घासून हलकं करण्याचा सल्लाही ऐकाल. रेसमध्ये ते ठीक आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर एके काळी फियाट शर्यतीत पळायच्या, तिथे इंजिन झपकन चढायला हवं होतं. शहराच्या गर्दीत मात्र हलक्या फ्लायव्हीलची गाडी क्लच सोडताना बंद पडते आणि आयडलिंगला थरथरते.

ज्याला हात लावायचा नाही

फियाटला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. दारांखालचे सिल, खांब आणि फरशीचे आडवे बीम यांना वजनासाठी भोकं पाडू नका. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे बोल्ट ॲल्युमिनियमचे घेऊ नका. काचांच्या जागी पॉलिकार्बोनेटही बसवू नका. रस्त्यावरच्या गाडीला सेफ्टी ग्लास लागते, शिवाय प्लास्टिकवर धुळीने ओरखडे पडले की रात्री समोरचं दिसत नाही.

कागदांचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीला धक्का देणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि २०२१ च्या नियमांखाली विंटेज नोंदणी घ्यायची असेल, तर चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नसावेत ही अटच आहे. म्हणून अशा गाडीत चढलेलं वजन उतरवून थांबा. केलेले बदल विमा कंपनीलाही लेखी कळवा.

वजन उतरलं, आता गाडी पुन्हा बसवा

इथे बहुतेक जण काम अर्धवट सोडतात. टाकी गेली की गाडीची मागची बाजू उंच उठते. टॅक्सीत बोजा पेलायला मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एखादा जादा पाटा घातलेला असतो, तो काढावा लागतो. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवूनच हे काम करा, नुसत्या जॅकवर नाही. त्यानंतर मागची उंची मोजा, व्हील अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत पुन्हा लावा आणि टायरमधली हवा नव्या वजनाप्रमाणे ठेवा.

मग वहीतला तो एक्सलचा आकडा काढा. सगळं वजन मागून उतरलं असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी अडकतील आणि ओल्या रस्त्यावर गाडी शेपूट फिरवेल. मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने ब्रेकची चाचणी करा, बाहेर उभ्या माणसाला चाकांकडे बघायला सांगा. नंतर तीच चाचणी ओल्या जागेवर घ्या. मागची चाकं आधी थांबत असतील तर प्रथम पुढचे ब्रेक शू, ड्रम आणि सिलिंडर तपासून नीट बसवून घ्या. तरीही फरक पडला नाही, तर मागे थोडं वजन परत ठेवा, म्हणजे स्टेपनी आणि हत्यारं डिकीत शक्य तितकी मागे सरकवा, आणि चाचणी पुन्हा घ्या.