'त्यामुळेच झालं' म्हणण्याआधी या चुका टाळा

कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण आपल्याला तोंडपाठ असते. तरी फांदी तुटली की नजर कावळ्याकडेच जाते. सर्दीच्या पाचव्या दिवशी गोळी घेतली, सातव्या दिवशी नाक मोकळं झालं, की श्रेय गोळीला! साधी सर्दी बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. शिवाय औषध आपण घेतो ते त्रास अगदी टोकाला गेल्यावर, म्हणजे तो ओसरायच्या बेतात असताना. गोळी घेतली नसती तर काय झालं असतं, हे विचारायचंच राहून जातं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या तरी तसाच घोटाळा होतो. जिथे जास्त बंब जातात तिथे नुकसानही जास्त दिसतं. म्हणून ते बंबांनी केलं का? आगच मोठी होती.

पटण्यासारखं पहिलं कारण सापडलं की शोध थांबवणं, ही चूक तर जिवावर बेतू शकते. व्हिएन्नातल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. 1846 मध्ये डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे 11 टक्के बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात 3 टक्क्यांहून कमी. दूषित हवा म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखीच. गर्दी म्हणावी, तर ती सुईणींकडेच जास्त. घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीची धास्ती बसते असंही कुणी म्हणे. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने त्याचा रस्ता बदलायला लावला, घंटा बंद केली. मृत्यू थांबले नाहीत. मग 1847 मध्ये शवविच्छेदन करताना सुरी लागून त्याचा एक सहकारी गेला, दगावलेल्या बाळंतिणींसारखीच लक्षणं होऊन. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत, सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये 18 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये 2 टक्क्यांवर आलं. जंतूंमुळे रोग होतात, हे तेव्हा सर्वमान्यही नव्हतं! मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की त्याने प्रत्येक संशय नुसता बोलून न दाखवता तपासून पाहिला.

'आजोबा विड्या ओढूनही नव्वद वर्षं जगले' हेही कारण खोडून काढत नाही. विडीने धोका वाढतो. प्रत्येकाला रोग होईलच असं नाही.

आणि घरातलं वाय-फाय बंद पडलं, तर राउटर, केबल, मोबाइलची सेटिंग सगळं एकदम बदलू नका. चालू होईल, पण कशाने ते कळणार नाही. केबल बदलल्यावर चालू झालं? मग जुनी केबल परत लावून बघा. पुन्हा बंद पडलं, तर दोष केबलचा. तरीही चालूच राहिलं, तर कदाचित जोडणीच सैल होती, नाहीतर बिघाड अजून दुसरीकडेच आहे.