अ‍ॅमेझॉनाइट कसा ओळखावा

अ‍ॅमेझॉनाइट हा मायक्रोक्लिन या पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार खनिजाचा हिरवा ते निळसर हिरवा प्रकार आहे. ग्रॅनाइटी शिलारस थिजत असताना पाण्याने समृद्ध असा जो अंश शेवटी उरतो, त्यापासून पेग्मटाइट हा भरड स्फटिकांचा खडक बनतो आणि त्यातच हे खनिज वाढते. अमेरिकेतील कोलोरॅडोत ते धुरकट क्वार्ट्‌झसोबत सापडते. रंगाचे श्रेय पूर्वी तांब्याला दिले जाई. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर मात्र स्फटिकातील अत्यल्प शिसे, पाणी आणि नैसर्गिक किरणोत्सार यांचा तो एकत्रित परिणाम मानला जातो.

खडा हाती आल्यावर रंगावर विसंबू नये, कारण रंगवलेला क्वार्ट्‌झाइट हा खडकही तितकाच हिरवा दिसतो. प्रथम दहापट भिंगाखाली तो तिरप्या उजेडात सावकाश फिरवावा. हिरव्या पार्श्वभूमीवर अल्बाइट या सोडियमयुक्त फेल्डस्पारच्या पांढऱ्या, तुटक रेघा किंवा जाळी दिसली आणि एखाद्या कोनात पाटनाच्या, म्हणजे खनिज ज्या ठरावीक दिशांना सहज दुभंगते त्या, सपाट पृष्ठांवरून अंधूक झळाळी उमटली, तर तो अ‍ॅमेझॉनाइट असण्याची शक्यता बरीच वाढते. पाटनाच्या दोन दिशा एकमेकींशी जवळजवळ काटकोन करतात. उलट, हिरवा रंग केवळ भेगांत साचलेला दिसला, तर खडा रंगवलेला समजावा.

यानंतर वजनाची चाचणी घ्यावी. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर खड्याचे वजन करावे. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला खडा तळाला वा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावा. मूळ वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा खडा किती पट जड आहे ते, मिळते. अ‍ॅमेझॉनाइटचे ते सुमारे २.५६ ते २.५८ असते, म्हणजे १० ग्रॅमच्या खड्याला काटा साधारण ३.९ दाखवतो, तर जेडाइट या हिरव्या रत्नाला जेमतेम ३. खड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकावेत. छोट्या खड्यात तेवढ्यानेही उत्तर चुकते. क्वार्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ असल्याने त्याच्या बाबतीत ही चाचणी एकटी पुरत नाही. तेथे पाटन पाहावे, कारण क्वार्ट्‌झमध्ये ते स्पष्ट नसते.

मोहस् यांच्या १ ते १० च्या मापावर कठिनता ६ ते ६.५ असली तरी पैलू पाडलेल्या खड्यावर ओरखडा काढून पाहू नये. पाटनामुळे तो टोल्याने फुटतो आणि फार तापवल्यास रंगही गमावतो, त्यामुळे दागिना दुरुस्तीला देताना सोनाराला खडा आधी काढून घेण्यास सांगावे.